उजव्या बाजूची झोप

१

सकाळी कामावर आले की मी आधी खोलीची खिडकी उघडते, मग पडदा ओढून घेते आणि लोकांच्या झोपा वाचायला बसते. नवरा म्हणतो, "दुसऱ्यांच्या झोपेवर पोट भरतेस आणि स्वतःच्या झोपेचं खोबरं करून घेतेस." त्याचं खरं आहे. मी मेंदूच्या लहरी वाचणारी डॉक्टर. वॉर्डाच्या टोकाला, चादरींच्या कपाटाला लागून माझी अरुंद खोली आहे. एका स्क्रीनवर लहरी, दुसऱ्यावर रोग्याच्या खोलीतला कॅमेरा, आणि मागच्या भिंतीतून जाणाऱ्या पाइपाची दिवसभर घरघर.

ज्यांची फिट औषधांना दाद देत नाही, अशी माणसं आमच्याकडे येतात. सर्जन त्यांच्या कवटीला बारीक भोकं पाडून मेंदूत केसासारख्या तारा सोडतात. प्रत्येक तारेवर ओळीनं धातूचे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका आपल्या आजूबाजूचं ऐकून कळवत राहतो. रोगी जागा असताना काय चाललंय, झोपल्यावर काय चाललंय, फिट आली तर नेमकी कुठून उठली, हे सगळं मी बघते. झोपेतली आणि जागेपणीची फिट एकाच जागेकडे बोट दाखवत असेल, तर सर्जन तेवढा तुकडा काढतात आणि माणूस सुटतो. बोटं दोन दिशांना गेली, तर तारा काढून त्याला होता तसा घरी पाठवावं लागतं.

ही गोष्ट घडली त्या वेळी रोग्याच्या खोलीत एक पोहणं शिकवणारी बाई होती. वॉर्डात सगळे तिला कोच म्हणत. रुंद खांदे, मोठा आवाज. तलावात मुलींना शिकवताना तिला फिट आली आणि तिच्याच एका विद्यार्थिनीनं तिला ओढून काठावर आणलं. तेव्हापासून पाण्यात उतरायला बंदी. डोक्याला पट्ट्या बांधलेल्या, त्यातून तारांची जुडी बाहेर आलेली, तरी बाई पलंगावर बसून नर्सला श्वास कसा धरायचा ते शिकवायची. मी आत गेले की विचारायची, "काय डॉक्टर, आज डोक्यात काय पिकलं?"

"पीक बरं आहे. तण फार आहे."

"मग उपटा की! मी काय वर्षभर इथे पडून राहू?"

तिच्यासोबत तिची मोठी बहीण असायची. सगळे तिला ताईच म्हणत. ती कोचला बंडू म्हणायची, कारण लहानपणापासून एक गोष्ट सरळ ऐकलेली नाही. दोघी उशीवरून भांडत, खिडकीवरून भांडत, आणि भांडून झालं की एकाच कपातून चहा पीत.

एका सकाळी मी कोचची आदल्या रात्रीची झोप वाचत होते. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात, जागेपणी त्या बारीक आणि घाईघाईच्या असतात. शिकाऊ माणसालाही हा फरक कळतो. कोच छान झोपली होती. सगळ्या तारा झोपल्या होत्या. फक्त उजव्या कानशिलातून खोल गेलेल्या एका तारेचे टोकाचे ठिपके जागे होते.

२

मी पहिल्यांदा उपकरणावर संशय घेतला. टेक्निशियनला बोलावलं, तिनं जोडण्या पाहिल्या, बाहेरची केबल बदलून पाहिली. "सगळं व्यवस्थित आहे मॅडम," ती म्हणाली. मग मी पुस्तकातलं ज्ञान आठवलं. झोपेत मेंदूचा एखादा कोपरा जागा राहू शकतो. हे काही भुताटकीचं प्रकरण नाही, यावर माणसांनी प्रबंध लिहिलेत. मी निश्चिंत झाले.

कोचला झोप कमी मिळेल असं आम्ही मुद्दाम बघत होतो, कारण थकलेल्या मेंदूत फिट लवकर येते. त्यामुळे दुपारी तिचा डोळा लागायचा. त्या दुपारी मी स्क्रीनसमोरच बसून होते. सगळ्या तारा संथ झाल्या. उजवीकडचे ते ठिपके मात्र टक्क जागे.

तेवढ्यात नर्सनं खोलीचं दार उघडलं. आणि ते ठिपके झोपले.

मी खुर्ची पुढे ओढली. नर्स खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिनं सलाइन पाहिलं, मग बराच वेळ बाहेर बघत राहिली, बिचारीला तेवढीच विश्रांती. उजव्या बाजूला मोठ्या, संथ, सुरेख लहरी चालल्या होत्या. नर्स बाहेर गेली. दार लागलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एकेक करून ते ठिपके पुन्हा जागे झाले.

आईची चाहूल लागली की लहान मूल पटकन डोळे मिटून पडतं, आणि ती गेली की हळूच एक डोळा उघडून बघतं. मला तेच आठवलं, आणि आठवलं म्हणून स्वतःचाच राग आला. झोपेत आवाज झाला की मेंदूत एखादी मोठी लहर उठते, ही माहितीतली गोष्ट आहे. पण ती एखादीच लहर असते. कुणी खोलीतून जाईपर्यंत ती थांबून राहत नाही.

मी मागच्या सगळ्या झोपा काढून पुन्हा पाहिल्या. दार उघडलं, नर्स आली, टेक्निशियन आली, सफाईवाला आला, मी स्वतः आले. प्रत्येक वेळी तेच. दार उघडताच उजवी बाजू झोपायची आणि दार लागल्यावर जागी व्हायची.

फक्त एका माणसासमोर ते सोंग नव्हतं. ताई आत आली, पलंगाजवळ बसली, उठली, बाहेर गेली, तरी ते ठिपके जागेच असायचे.

३

सर्जन माझ्याहून बरेच मोठे, हसतमुख, खिशात कायम पेपरमिंट. त्यांच्या हाताखाली मी शिकले, म्हणून ते मला अजूनही "अगं"च म्हणतात. त्यांना मी ठिपक्यांचं सांगितलं, पण दाराचं सांगितलं नाही. सांगताना माझ्याच कानांना ते कसं वाटेल याची मला खात्री नव्हती.

"चल, बघू तुझी कोच," ते म्हणाले.

दुपारची वेळ होती. कोच झोपलेली, ताई चहाला गेलेली. सर तिच्या उशाशी उभे राहिले आणि पट्टीवरून हवेतच बोटानं रेघ ओढत बोलायला लागले. तोवरच्या सगळ्या फिट उजव्या बाजूनं उठल्या होत्या. झोपेतल्याही आणि जागेपणीच्याही.

"इथून आत जायचं," ते म्हणाले. "उजव्या कानशिलाचा हा पुढचा भाग घ्यायचा. तुझे ते जागरण करणारे ठिपके यातच येतात ना? झालं तर. तेही जातील."

"डावीकडे काहीच नाही," मी म्हणाले. "डावी स्वच्छ आहे."

"नशीब. डावीकडे तिची भाषा आहे. तिथे मी सुरी घेऊन गेलो नसतो."

कोच शांत झोपली होती. ओठ किंचित उघडे, एक हात छातीवर. आम्ही दार ओढून घेतलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, तिला फिट आली. मी धावत स्क्रीनपाशी गेले. फिट डावीकडून उठली होती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. तीही डावीकडून. नंतरची झोपेतली, तीसुद्धा.

सर माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. तोंडातलं पेपरमिंट त्यांनी चावून टाकलं. "दोन्हीकडून उठत असेल तर हात लावता येणार नाही गं," ते म्हणाले. "तारा काढाव्या लागतील. तिला मी काय सांगू?"

४

आता मला माणसांचा संशय यायला लागला. माणसांचा संशय बरा असतो, त्याला काहीतरी कारण असतं.

ताईला ऑपरेशन नको असेल का? बहिणीचं डोकं उघडायचं म्हटल्यावर कुणालाही भीती वाटेल. औषधात काही गडबड? जागं ठेवायच्या वेळी झोपू देणं? मी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं आणि फक्त ताई असलेले तुकडे पाहिले.

ताई औषधांना हात लावत नव्हती. कोच झोपली की ती खुर्ची पलंगाला चिकटवायची, तिचा डावा हात आपल्या हातात घ्यायची आणि कानाशी वाकून कुजबुजत राहायची. बराच वेळ. कधी मधेच थांबायची, बहिणीच्या हाताकडे बघायची आणि मान हलवायची. आपल्याशी बोलणाऱ्याचं ऐकताना आपण हलवतो तशी.

मी ताईला माझ्या खोलीत बोलावलं. एकच खुर्ची होती, ती तिला दिली.

"ताई, ती झोपलेली असताना तुम्ही तिच्याशी काय बोलता?"

ती लाजली. "दिसतं होय तुम्हाला? काही नाही हो. दिवसभरात काय काय झालं ते. आमच्या घरचं, शेजारचं. लहानपणापासूनची सवय आहे. जागेपणी हिला काही सांगायला गेलं की भांडण होतं. झोपेत शहाण्यासारखी ऐकते."

"ऐकते हे कशावरून?"

"हात दाबते ना."

पाइपाची घरघर थांबली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

"झोपेत?"

"हो. आवडलं की दाबते. नाही आवडलं की सोडवून घेते." ताई हसली. "आई म्हणायची, ही झोपेत जितकी गोड आहे तितकी जागेपणी असती तर काय हवं होतं."

"ऑपरेशनबद्दल काही बोललात?"

ताईचं हसू मावळलं. ती पदराशी चाळा करावा तसा ओढणीशी चाळा करत राहिली.

"मी सांगणार होते," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही उजवी बाजू घेणार, हे मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं होतं. म्हटलं, बंडूला झोपेत सांगून टाकावं, म्हणजे जागी झाल्यावर घाबरणार नाही. पण मी 'उजवी' एवढंच म्हणाले आणि तिनं हात झटकून घेतला. डॉक्टर, तिला ते आधीच माहीत होतं."

"तिनं स्वतः जागेपणी असं काही म्हटलं?"

"नाही. जागेपणी मी विचारलं तर म्हणाली, मला अजून कुणी काही सांगितलंच नाही." ताईनं माझ्याकडे पाहिलं. "मलाही ते विचित्र वाटलं होतं. पण विचित्र वाटलेलं सगळंच काही आपण बोलत नाही ना."

५

त्या दुपारी मी ताईला बाहेर पाठवलं आणि कोचला झोप लागल्यावर एकटी आत गेले. फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं. हातात मेलेला फोन धरून झोपलेल्या माणसाच्या उशाशी खोटं बोलायचं, या वयात, या पदवीवर. माझे कान तापले होते.

"हो सर," मी मोठ्यानं म्हणाले. "नव्या फिट पाहून मत बदललंय. उजवीला हात लावायचा नाही. डावी घ्यायची. हो, नक्की."

कोच हलली नाही. श्वास त्याच लयीत चालू होता. फक्त छातीवरचा हात, अगदी हळू, उघडून पालथा झाला. झोपेत माणसं हात हलवतात. मी तसं स्वतःला सांगत माझ्या खोलीत परतले.

पुढची फिट उजवीकडून उठली. त्याच्या पुढचीही. झोपेत उजवीकडून, जागेपणी उजवीकडून. डावी पुन्हा आरशासारखी स्वच्छ. आम्ही आता सुरी आणणार नाही, अशी जिची समजूत करून दिली, ती उजवी बाजू पुन्हा पहिल्यासारखी मोकळी वागायला लागली होती.

आता मात्र सरांना सगळं सांगणं भाग होतं. दार, सोंग, हात दाबणं, माझा खोटा फोन. ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

"तू सुट्टी कधी घेतली होतीस शेवटची?"

"सर."

"अगं, फिट डावीकडे गेल्या, परत आल्या. योगायोग. मेंदूला कट रचता येत नाही."

"मग योगायोग म्हणूनच एक करा. त्या खोलीत ऑपरेशनबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही."

"बरं," ते म्हणाले. आणि निघता निघता, दाराशी, आवाज खाली आणून, "बेताचं मीही तिच्या उशाशीच बोललो होतो, नाही का?"

६

शस्त्रक्रियेआधी एक तपासणी असते. रोगी जागा असताना तारांमधून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडायचा आणि त्याला काय होतं ते विचारायचं. बोट थरथरलं तर ती जागा बोटाची. शब्द अडला तर ती जागा भाषेची. काय सोडायचं आणि काय घ्यायचं, ते त्यावरून ठरतं.

कोचला यात मजा वाटत होती. एका ठिपक्याला जिभेवर नाणं चोखल्याची चव आली. एकाला डावा अंगठा आपोआप वळला, तर ती म्हणाली, "वा! माझ्या मुलींना असं शिकवता आलं असतं तर!" ताई कोपऱ्यात हसत होती.

मग आम्ही उजवीकडच्या त्या ठिपक्यांवर आलो. कोच जागी होती आणि ते ठिपके संथ होते. हे मी अलीकडेच टिपलं होतं. ती झोपली की ते जागे, ती जागी असली की ते झोपलेले. टेक्निशियननं बटण दाबलं.

कोचचा चेहरा बदलला. दुखल्यासारखा नाही. शेजारच्या खोलीत काही पडलं की आपण कान देतो, तसा.

"काय जाणवलं?" मी विचारलं.

"कुणीतरी दचकलं."

"तुम्ही दचकलात?"

"नाही." तिनं मान हलवली. "मी नाही."

कोपऱ्यातली ताई उठून उभी राहिली होती.

"पुन्हा करू नका ते," कोच म्हणाली. तिचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "डॉक्टर, हे काय आहे ते मला माहीत नाही, पण ते काढा. मला पाण्यात जायचंय. मला माझं डोकं एकटीचं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती पूर्ण जागी असताना, सर आणि मी तिला खरा बेत सांगायला गेलो. तिला अंधारात ठेवून ऑपरेशन करता येणार नव्हतं, आणि झोपेत सांगता येणार नव्हतं. टेक्निशियननं छोटा स्क्रीन पलंगाच्या पायाशी आणून ठेवला. उजवीकडचे ठिपके गाढ झोपले होते. सर नकळत कुजबुजत बोलायला लागले.

कोच आमच्या तोंडांकडे बघत राहिली. "इतकं हळू का बोलताय?" ती म्हणाली. "कोण झोपलंय?"

तिनं होकार दिला. मी सगळा वेळ स्क्रीनवरून नजर हलवली नाही. लहरी मोठ्या, संथ आणि सुरेख होत्या. खोलीत परत आल्यावर मी त्या पुन्हा पाहिल्या आणि मग मागे जाऊन, नर्स दार उघडून आत आली होती त्या वेळच्या लहरींशेजारी ठेवल्या. खरी झोप इतकी नीटनेटकी नसते. तिच्यात चढउतार असतात, आळस असतो. या दोन्हीत तो नव्हता.

मी सरांना जाऊन हे सांगितलं. ते हात धूत होते.

"झोप असो की सोंग," ते म्हणाले, "फिट तिथूनच येते. मी फिट काढतोय. बाकी जे काय असेल ते त्याबरोबर जाईल."

"आणि ते आता तिथे नसेल तर?"

त्यांनी नळ बंद केला. "असं मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मला उद्या हात स्थिर ठेवायचाय."

७

ऑपरेशन उत्तम झालं. याहून उत्तम मी पाहिलेलं नाही. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत गेला. तिथून उत्तर आलं की त्यात जुनी जखम होती, बहुतेक लहानपणच्या तापाची, आणि फिट उठायला तेवढं कारण पुरेसं होतं. शुद्धीवर आल्यावर कोचनं बोटं हलवली, डोळे हलवले, ताईला ओळखलं. मला बघून म्हणाली, "धन्यवाद, डॉक्टर. तुम्ही फार कष्ट घेतलेत."

सर खूष. वॉर्ड खूष. मीसुद्धा खूष होते. त्या रात्री मला खरोखर झोप लागली, नवऱ्यानं उठवेपर्यंत.

कोच घरी गेली. पुढे ताईचा अधूनमधून फोन यायचा. फिट नाही. औषधं कमी केली. फिट नाही. पाण्यात उतरली, काठाला धरून, मग हात सोडून. मुलींना पुन्हा शिकवायला लागली. माझ्या कामात अशी एखादी बातमी मिळाली की त्यावर बरेच दिवस निघतात.

तिच्या तारांवरचं सगळं मी पुन्हा कधी उघडून बघितलं नाही. गरजच काय होती?

८

ऑपरेशननंतर ठरावीक काळानं रोग्याला पुन्हा बोलावतात. या वेळी कवटीत तारा नसतात. डोक्यावर वरून ठिपके चिकटवायचे, थोडं जागेपणी बघायचं, थोडं झोपवून बघायचं, आणि सोडून द्यायचं. साधी, बिनकष्टाची तपासणी.

ताई आधी एकटीच आत आली. बारीक झाली होती.

"कशी आहे बंडू?" मी विचारलं.

"छान आहे." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "फार छान आहे. आवाज चढवत नाही. मी खिडकी लावते म्हटलं की लाव म्हणते. उघडते म्हटलं की उघड म्हणते. मुलींवर ओरडत नाही. सगळे म्हणतात, ऑपरेशननं माणूस निवळला." ती थांबली. "डॉक्टर, हे वाईट नाही ना? मी उगाच काहीतरी घेऊन बसलेय ना?"

"मोठ्या आजारातून उठल्यावर माणसं बदलतात, ताई."

"तसंच असेल." तिनं डोळे पुसले नाहीत, पण आवाज पुसल्यासारखा केला. "मी हल्ली ती झोपली की हात धरून बघते. कितीही बोललं तरी दाबत नाही. झोपेत आता तिथे कुणीच नसतं. सुटले म्हणायचं ना? पण मग जागेपणी ती माझा हात धरते. मी बोलत असले की. आणि आवडलं की दाबते."

मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

कोच आत आली. केस वाढले होते. पट्टीच्या जागी आता जखमेची वळणदार रेघ, तीही केसांत लपलेली. तिनं माझी, सरांची, नर्सची विचारपूस केली. टेक्निशियन ठिपके चिकटवून जेवायला गेली. मी कोचला आरामखुर्चीत बसवलं. माझा स्क्रीन तिच्या पाठीमागे होता. तिला तो दिसत नव्हता.

"आधी जागेपणीचं बघू," मी म्हणाले. "डोळे उघडे ठेवा. काहीही बोला."

ती बोलायला लागली. तलावाबद्दल. पाणी सकाळी किती शांत असतं. मुली कशा रांगेत उभ्या राहतात. एक मुलगी खोल पाण्याला घाबरते आणि तिला ती हात धरून कशी नेते. नीट, गोड, ठाम वाक्यं होती. डोळे उघडे होते, बोटं मांडीवर एकमेकांत गुंफलेली. मी स्क्रीनकडे पाहिलं.

स्क्रीनवरचं लहरींचं पूर्ण पान झोपलेलं होतं.

डावी, उजवी, पुढची, मागची. प्रत्येक रेषा मोठी, संथ. गाढ झोप, जिच्यातून माणसाला हलवून उठवावं लागतं तशी. आणि ही सोंगाची झोप नव्हती. तिच्यात चढउतार होते. आळस होता. दमलेलं माणूस झोपतं तशी ती झोप होती. आणि तिच्यावरून पोहण्याच्या गोष्टी चालल्या होत्या.

मी यंत्र तपासलं. ठिपके तपासले. कुठल्या तरी जुन्या रोग्याचं पान चुकून उघडलंय का ते पाहिलं. वरती तिचंच नाव होतं.

मान वर केली तर ती बोलायची थांबली होती.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. मान थोडी कलती केली, एवढंच. मग समजुतीच्या आवाजात म्हणाली, "काही चुकलं का डॉक्टर?"

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"थांबा हं," ती म्हणाली.

आणि माझ्या डोळ्यांसमोर पान जागं झालं. डावीकडून उजवीकडे, रेषेमागून रेषा, बारीक आणि घाईची. कुणीतरी घरात फिरत एकेका खोलीतला दिवा लावत जावं तसं. सगळे दिवे लागल्यावर ती म्हणाली, "असं हवं होतं ना?"

मी ठिपके काढले. ती धीर धरून बसली होती, मला त्रास होऊ नये म्हणून डोकं हवं तसं वळवून देत होती. झोपेतली तपासणी मी केली नाही. दार उघडलं तर ताई समोरच उभी होती, बाहेरच्या बाकावर बसून राहणं तिला जमलं नसावं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "बंडू कशी आहे?"

कोच माझ्या मागून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, केस सारखे करत.

मी म्हणणार होते, सगळं ठीक आहे. तेच म्हणायचं ठरवून मी दार उघडलं होतं.

"झोपलीय," मी म्हणाले.

कोच हसली. "डॉक्टरांना काहीही सुचतं," असं म्हणून तिनं ताईचा हात हातात घेतला. ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बहिणीच्या उघड्या, टवटवीत डोळ्यांकडे, आणि मग हळूच, आतल्या कुणाला जाग येईल अशा बेतानं, वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "बंडू?"